पिंजरा लावा, जंगलात सोडा: हे जुन्नरात करून झालंय

तालुक्यात कुठे बिबट्याचा हल्ला झाला, की दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात असा: ‘माणसाने जंगल तोडलं म्हणून बिबट्या गावात आला. जंगलात खायला नाही, म्हणून भुकेपोटी शेळ्या उचलतो. वनखात्यानेच हे बिबटे बाहेरून आणून सोडलेत. सगळे पकडा आणि परत जंगलात नेऊन सोडा. बछडी दिसली तर लगेच उचला.’

ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, त्यांनी हा मेसेज रागाने पुढे ढकलला तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. बाकीच्यांशी घालतो.

जंगल तोडलं म्हणून आला? जुन्नरचा पूर्व भाग, शिरूर, पारनेर इथे कालव्याचं पाणी येण्याआधी काही दाट जंगल नव्हतं. बाजरी-मटकीची कोरडवाहू रानं होती. पाणी आलं, ऊस आला. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो. आत गारवा, शेजारी पाणी, महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. पिल्लं वाढवायला मादीला याहून चांगली जागा कुठली? आज जो बिबट्या उसातून रस्ता ओलांडताना दिसतो, तो बहुधा उसातच जन्मलाय, आणि कदाचित त्याची आईसुद्धा. त्याला ‘परत’ पाठवायचं म्हणजे कुठे?

आणि तो नवखाही नाही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांच्या वाटांवर कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी, त्यामुळे फोटोंवरून एकेक जनावर ओळखून मोजता येतं. साधारण 179 चौरस किलोमीटरचा हा भाग, त्यात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेवढीच तरसंही निघाली, पण तरसाचा मेसेज कुणी करत नाही.

भुकेपोटी शेळ्या उचलतो, हे अर्धंच खरं. त्याच खोऱ्यात बिबट्याची विष्ठा गोळा करून, धुऊन, तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पाळीव आणि गावात राहणाऱ्या प्राण्यांचा वाटा 87 टक्के आला, इथवर मेसेजवाले बरोबर. पण त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के आणि शेळ्यांचा फक्त 11. शेळ्या तर त्या भागात कुत्र्यांपेक्षा सातपटीने जास्त होत्या! कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, कुत्रं उकिरड्यावर मोकळं असतं. जंगलात शेळ्या सोडल्या तर बिबटे तिकडे जातील, अशीही एक सूचना मध्यंतरी ऐकली. ज्याच्या दारात आयतं ताट आहे, तो घाट चढून जेवायला कशाला जाईल?

आता मुख्य मागणी. पकडा आणि जंगलात सोडा. हे करून झालंय, तेही आपल्याच जुन्नर वनविभागात. 2001 ते 2003 या काळात इथून 103 बिबटे पकडले. त्यातले बरेच सरासरी 40 किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले. त्याआधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. ‘तेव्हा बिबटे वाढले असतील’ किंवा ‘माणसं वाढली असतील’ असं कुणी म्हणेल. संशोधकांनी तेही ताडून पाहिलं, आणि दोन्हींपैकी कशानेच ही वाढ उलगडली नाही.

असं का होत असावं, हे बिबट्याच्या बाजूने बघितलं तर कळतं. त्याला आपल्या हद्दीतला ओढा, बांध, कुठल्या वस्तीवर कधी दिवा लागतो, सगळं पाठ असतं. पिंजऱ्यात सापडतो, दात-नखं दुखावून घेतो, भोवती माणसांचा गोंगाट, मग रात्री ट्रकमधून अनोळखी घाटात. तिथे आधीच दुसऱ्या बिबट्याची हद्द असते. मग तो निघतो, आणि वाटेत कुणाचं तरी गाव लागतंच. इकडे त्याची मोकळी झालेली जागा लवकरच दुसरा, बऱ्याचदा तरणा, बिबट्या धरतो.

‘आजोबा’ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला हा वयस्क नर, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. महिन्याच्या आत तो सुमारे 120 किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कुणालाही इजा केली नाही. पण जिथे सोडला तिथे तो राहिला नाही, हे लक्षात घ्या. 2011 मध्ये मुंबईजवळ वाहनाच्या धडकेने तो मेला.

माणूस मारणारा बिबट्या मात्र पकडायलाच हवा, आणि पकडल्यावर पुन्हा सोडू नये. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कायद्यातही त्याची तरतूद आहे, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीने. पण ‘सगळे पकडा’ ही वेगळी गोष्ट झाली.

वनखात्याने आणून सोडलेत, ही अफवा हसण्यावारी नेता येत नाही, कारण तिच्या मुळाशी थोडं तथ्य आहे. इथले बिबटे उचलून दुसऱ्यांच्या शिवारालगत सोडले जात होतेच. म्हणजे तक्रार खरी असेल, तर ती याच मेसेजमधल्या ‘पकडा आणि जंगलात नेऊन सोडा’ या मागणीविरुद्ध आहे. एकाच दमात ‘बाहेरून का सोडले’ आणि ‘बाहेर नेऊन सोडा’ कसं म्हणता येईल? ‘बाहेर’ म्हणजेही कुणाचं तरी गावच.

राहिली बछडी. ऊसतोडीत पिल्लं सापडली की मोबाईल काढून गर्दी करू नका, कडेवर घेऊन फोटो तर नकोच. तेवढ्या भागातली तोड थांबवा, वनखात्याला फोन करा. ते पिल्लं तपासून, क्रेटमध्ये ठेवून अंधार पडताना त्याच जागी आणून ठेवतात, आणि आई बहुतेक वेळा त्याच रात्री येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लं तालुक्याच्या गावी नेली, तर आई त्या रात्री त्याच उसात, त्याच वस्तीभोवती त्यांना शोधत फिरते.