घसरतात बूट, खापर वेडरवर

नदीत उतरून गळ टाकणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. वेडर म्हणजे पाण्यात उभं राहण्यासाठीची, पायांपासून छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, आणि वेडिंग बूट म्हणजे तिच्यावर घालायचे बूट. ते कसे निवडावेत, याबद्दल त्या मजकुरात सहा गोष्टी ठणकावून सांगितल्या आहेत. वेडरमध्ये पाणी शिरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो, म्हणून कमरेचा पट्टा सैल ठेवा, वेडर झटकन उतरवता आले पाहिजेत. जाड निओप्रिनचेच (बुडबुड्यांचं स्पंजासारखं रबर) घ्या, ते तरंगतात म्हणून सर्वांत सुरक्षित. घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड ही निव्वळ जाहिरातबाजी, ते आतून ओलं होतंच. बुटाच्या तळाला फेल्टच (दाबून केलेलं लोकरीसारखं जाड कापड) हवं, रबर घसरतं. बूट नेहमीच्या मापाचे आणि घट्ट घ्या. आणि वेडर कधीही धुऊ नका.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. यातल्या एक-दोन गोष्टींत तथ्याचा अंशही आहे, तो मी जिथल्या तिथे मान्य करीन. पण पहिला सल्ला कुणी खरंच पाळला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून गप्प बसवत नाही.

विहिरीतून भरलेली घागर ओढलेल्या माणसाला हे लगेच पटेल: घागर पाण्यात आहे तोवर दोर हलका लागतो, ती पाण्याबाहेर आली की सगळा भार हाताला जाणवतो. वेडरमध्ये शिरलेल्या पाण्याचंही तसंच. बाहेर नदीचं पाणी, आतही नदीचंच पाणी. पाण्यात पाण्याला वजन नसतं, त्यामुळे ते कुणाला खाली ओढू शकत नाही. ली वुल्फ या नामांकित अमेरिकन गळकऱ्याने १९४० च्या दशकात वेडर घालून पुलावरून नदीत उडी मारली होती आणि पोहत काठाला येऊन दाखवलं होतं. तेव्हाची समजूत याच्या उलट होती. वेडरच्या पायांत हवा अडकते, पाय वर येतात आणि डोकं पाण्याखाली राहतं, असं लोक म्हणत. तीही खोटी ठरली. आज तीच भीती दुसऱ्या टोकाने परत आली आहे.

पाणी भरलेले वेडर त्रास देतात हे मात्र खरं. प्रवाहात त्यांचा फुगा होतो, पाय जड झाल्यासारखे हलतात, पोहणं मंदावतं. आणि काठावर चढताना मघाची घागर पाण्याबाहेर येते: आत जितके लिटर पाणी, तितके किलो ओझं. थकलेला माणूस उभ्या काठावरून तेवढं ओझं घेऊन चढू शकत नाही. म्हणून बाहेर पडायला उथळ, उतरती जागा शोधायची, रांगत यायचं, काठावर आडवं होऊन पाय वर करायचे आणि पाणी ओतून द्यायचं.

आता पट्ट्याचं. पट्टा वेडरवरून कमरेला घट्ट बांधायचा, कारण त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि पायांतली हवाही काही काळ टिकते. तो सैल ठेवला तर वरून पाणी धो धो आत येतं. आणि ‘झटकन उतरवायचे’ म्हणजे नेमकं काय करायचं? आज बहुतेक जण पायमोज्याचे वेडर वापरतात. त्यांच्या टोकाला निओप्रिनचा मोजा असतो आणि त्यावर नाडीचे बूट वेगळे चढवावे लागतात. बुटाची नाडी सोडल्याशिवाय ते पायातून निघतच नाहीत. वाहत्या, गार पाण्यात ओल्या नाडीची गाठ कोण सोडणार? त्या धडपडीत जी पहिली मिनिटं जातात, तीच सगळ्यांत मोलाची असतात.

कॅनडातले गॉर्डन गिसब्रेख्ट हे शास्त्रज्ञ थंड पाण्याच्या धोक्यासाठी १-१०-१ असा हिशेब सांगतात. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्यासाठी, कारण गार पाण्याच्या धक्क्याने माणूस अनावर धापा टाकतो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जातं. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. शरीराचं तापमान उतरून शुद्ध हरपायला साधारण १ तास. या तिन्हींत वेडरच्या वजनाचा कुठे उल्लेख नाही. पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवा म्हणजे खडकाला आधी बूट लागेल, आणि हातांनी तिरकं वल्हवत काठाकडे सरका. ओढीच्या पाण्यात लगेच उभं राहायला जाऊ नका. पाऊल दोन दगडांत अडकलं आणि मागून पाण्याचा रेटा आला की तो माणसाला तोंडावर पाडून तसाच दाबून धरतो. खोल, वेगवान पाण्यात जाणार असाल तर तरंगजाकीट घाला. वेडर अंगाबाहेर काढण्याच्या कल्पनेपेक्षा त्याचा भरवसा कितीतरी जास्त.

म्हणजे खरा प्रश्न पडल्यानंतरचा नाही, पडण्याआधीचा आहे. इथे निओप्रिनचा मुद्दा आपसूक येतो. ते तरंगतं, कबूल. त्यात वायूचे बंद बुडबुडे असतात, त्यामुळेच ते ऊबही देतं. पण उभ्या माणसाला तरंगणं नको असतं, पाय टेकलेले हवे असतात. कमरेपर्यंत पाण्यात गेलं की पायांवर निम्म्याच्या आसपास वजन उरतं. छातीपर्यंत गेलं की जेमतेम तिसरा हिस्सा. वजन घटलं की तळव्याची पकड घटते, आणि तेव्हाच पाण्याचा रेटा अंगाच्या जास्त भागावर बसत असतो. त्यात पायांना आणखी उचलणारं जाड निओप्रिन! बर्फासारख्या पाण्यात एका जागी तासन्‌तास उभं राहायचं असेल तर ते चांगलंच. पण दिवसभर काठाकाठाने चालत, दगड ओलांडत नदी वर चढणाऱ्याला त्यात घामाच्या धारा लागतात, आणि उन्हाळ्यात ते अंगावर ठेवणं हाच एक धोका होतो. अशा माणसाने पातळ वेडर घ्यावेत आणि गारठ्यानुसार आत लोकरीचे थर कमी-जास्त करावेत.

पाण्याचा रेटा म्हणालो, तर तो कसा वाढतो हे सांगायला हवं, कारण बरेच जण इथेच फसतात. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची माणसं प्रवाह मोजायला रोज नदीत उतरतात. त्यांच्यात १० चा एक सोपा नियम आहे: पाण्याची खोली फुटांत, वेग सेकंदाला किती फूट ते, दोन्हींचा गुणाकार १० किंवा त्याच्या वर गेला तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही. वेग मोजायला यंत्र लागत नाही. वाहतं पान बघा. त्याने ३ सेकंदांत १२ फूट अंतर काटलं तर वेग ४. पाणी ३ फूट खोल असेल तर गुणाकार १२. मागे फिरा. पाणी २ फूटच असेल तर ८, पण तळाला शेवाळलेले गोटे असतील तर माझ्या मते ८ सुद्धा फार झाले. नियम तयारीच्या माणसांचा आहे आणि तो शेवटची हद्द सांगतो, तिथवर जा असं सांगत नाही.

आता फेल्ट. या मुद्द्यावर मी स्वतः बरीच वर्षं त्या मजकुराच्याच बाजूने होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेवाळाच्या बुळबुळीत दगडावर दाबून केलेल्या लोकरीसारखा फेल्टचा तळ खरंच छान बसतो. साधं रबर तिथे निसटतं, यात खोटं काही नाही. पण नदी म्हणजे फक्त शेवाळलेला दगड नव्हे. चिखलाच्या काठावर, ओल्या गवताच्या उतारावर फेल्ट रबरापेक्षा वाईट घसरतं. माझा स्वतःचा सगळ्यांत वाईट आपटा पाण्यात बसलेलाच नाही, नदीतून वर येताना ओल्या गवतावर बसला, पायांत फेल्टचेच बूट होते. बर्फात तर तळाला बर्फाचे गोळे चिकटत जातात आणि चालणं अशक्य होतं.

याहून मोठं कारण नदीच्या बाजूचं आहे. फेल्ट पाणी शोषतं आणि लवकर वाळत नाही. त्या ओलाव्यात एका नदीतले जीव दुसऱ्या नदीत पोचतात. न्यूझीलंडचा चिखलातला इवलासा गोगलगाय हे त्याचं एक उदाहरण. जेमतेम ५-६ मिलिमीटरचा. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या स्नेक नदीत सापडला आणि पुढे पश्चिमेकडच्या कित्येक नद्यांत पसरला. त्याची मादी नराशिवाय पिल्लं देते, म्हणजे नवी नदी भरायला बुटाला चिकटलेली एकच पुरते. ओलसर जागी तो पाण्याबाहेर कित्येक दिवस जगतो. खुद्द न्यूझीलंडला उलट दिशेने आलेलं संकट म्हणजे डिडिमो नावाचं शेवाळ. २००४ मध्ये तिथल्या दक्षिण बेटावर ते सापडलं, आणि पाहता पाहता नदीचे तळ मळकट लोकरीसारख्या थराने झाकले जाऊ लागले. २००८ मध्ये न्यूझीलंडने गळाच्या मासेमारीसाठी फेल्टच्या तळव्यांवर बंदी घातली. अमेरिकेत मेरीलँडने २०११ मध्ये, अलास्काने २०१२ मध्ये, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने २०१८ मध्ये तेच केलं. ‘फेल्टच घ्या’ असा सल्ला सरसकट देणारा वाचकाला कुठेतरी कायदा मोडायला लावतो आहे.

दुसरी बाजूही सांगतो. व्हरमाँट राज्याने २०११ मध्ये घातलेली बंदी २०१६ मध्ये उठवली. उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी डिडिमोचे थर माजण्यामागे ते नव्याने येणं हे कारण नसून पाण्यातलं फॉस्फरस कमी होणं हे असावं, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. आणि रबराचे बूटही निर्दोष नसतात. नाडी, जीभ, शिवण यांतही ओल आणि गाळ राहतो. म्हणून रबर घेतलं की आपलं काम संपलं असं नाही. नदी बदलताना बूट घासायचे, धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. न्यूझीलंडमध्ये हाताला कोरडं लागल्यानंतर आणखी ४८ तास थांबायला सांगतात. जाड फेल्टला हे एवढं कोरडेपण यायला किती दिवस लागतील, ते विचार करून बघा. बूट एकच जोडी आणि नद्या दोन, असं असेल तर माझ्यासाठी निकाल इथेच लागतो.

मग पकडीचं काय? मऊ रबराच्या तळाला टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे खिळे बसवा. ते शेवाळ भेदून दगडाला भिडतात. काही बुटांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. तो धातू मऊ असल्यामुळे खडकाच्या खरबरीत कडांवर चेपून धरतो. खिळ्यांना मर्यादा आहेत: गुळगुळीत सपाट कातळावर ते घसरू शकतात, आणि दुसऱ्याच्या होडीत किंवा हवेच्या तराफ्यावर ते घालून चढायचं नसतं. यासोबत एक काठी घ्या. काठी आधी रोवायची, मग पाऊल, आणि पाऊल उचलून न टाकता तळाशी सरकवायचं. प्रवाहाला छाती किंवा पाठ न देता अंगाची कूस द्यायची. चांगले बूट असून काठीचा कंटाळा करणारे मी बरेच पाहिले आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते.

वाफ सोडणाऱ्या कापडाबद्दलचा आक्षेप अर्धवट निरीक्षणातून आला आहे. आतली वाफ बाहेर जाते ती आत उबदार-दमट आणि बाहेर गार-कोरडं असेल तेव्हा. बाहेरही उकाडा आणि दमटपणा असेल तर वेग मंदावतो, हे मान्य. पण आतल्या ओलीचा अर्थ गळती असा होत नाही. गार कापडावर आतली वाफ साचून दव धरते. ओल दोन्ही पायांना सारखी, पसरट असेल तर ती बहुधा घामाची. एकाच जागी, सारखी त्याच ठिकाणी लागत असेल तर भोक शोधा. गोअर-टेक्ससारख्या, वाफ सोडणाऱ्या पातळ पडद्याचे वेडर उलटे करून आतल्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलं की भोकाच्या जागी गडद ठिपका उमटतो. त्यावर युरेथेनचा गोंद लावला की झालं. चांगले वेडर केवळ या गैरसमजापोटी टाकून दिलेले पाहून जीव हळहळतो.

‘धुऊ नका’ याचं उत्तरही इथेच आहे. मळ आणि अंगाचं तेल कापडात बसलं की वाफ कोंडते, आणि बाहेरचं पाणी थेंब होऊन ओघळण्याऐवजी कापडात मुरतं. उत्पादकाने लेबलावर दिलेल्या पद्धतीने धुवा, आतून-बाहेरून वाळवा, टांगून ठेवा. ओले गुंडाळून ठेवलेले वेडर शिवणीवरच्या पट्टीपासून कुजायला लागतात.

राहिलं बुटांचं माप. घट्ट बूट म्हणजे पक्के बूट, हे चालण्याच्या बुटांबद्दल थोडंफार खरं असेल. वेडिंग बुटात पायाबरोबर निओप्रिनचा जाड मोजा आणि त्याच्या आत लोकरीचा मोजाही जातो. बूट आवळला की निओप्रिन दबतं, त्यातले बुडबुडे चेपतात आणि ऊब जाते, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. बधिर पायाला दगड कळत नाही. काही कंपन्या मोज्याची जागा धरूनच माप देतात, काहींचा एक नंबर मोठा घ्यावा लागतो. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. दोन्ही मोजे आणि वेडर चढवून मगच बूट घालून बघा. बोटं आत हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये. मग एक पाय गुडघ्यात दुमडून उंच पायरीवर ठेवा, उकिडवे बसा. वेडर जांघेत किंवा गुडघ्याला ताणले तर पाण्यात मोठा दगड चढताना पाय अडेल, आणि फार ढगळ असतील तर प्रवाह त्यांना धरून ओढेल. आणि हे सगळं करताना पट्टा बांधलेला असू द्या, घट्ट.