‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: बर्फ, शेक आणि माझा डावा घोटा

मागच्या आठवड्यात मी जेल पॅकवर लिहिलं होतं. तीच ती निळी लिबलिबीत पिशवी. फ्रीझरमध्ये ठेवली की थंड, गरम पाण्यात बुडवली की गरम, वापरून झाली की पुसून परत जागेवर. खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या पालकांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू होता. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते:

“मॅडम, लेख वाचून वाईट वाटलं. दुखापतीवर बर्फ लावायचा सल्ला ज्या डॉ. मिर्किन यांनी 1978 मध्ये रूढ केला, त्यांनीच तो 2014 मध्ये मागे घेतला हे तुम्हाला ठाऊक नाही का? फ्रीझरमधला जेल पॅक बर्फापेक्षाही थंड असतो; ‘रुमालात गुंडाळा’ एवढं सांगून भागत नाही, कातडी जळते. ‘दोन दिवस थंड, मग गरम’ हा नियमही ढोबळ आहे. खेळाडू असणं वेगळं आणि शरीर कळणं वेगळं. आजीबाईच्या बटव्यातल्या असल्या सल्ल्यांमुळे मुलींचा खेळ संपतो. बाकी कोणत्या दुकानाची जाहिरात आहे, तेही सांगून टाका.”

स्पष्टवक्ता सुखी भवेत् म्हणतात. तुम्ही सुखी असालच. मी दोन दिवस नव्हते.

आधी जाहिरातीचं बघू, कारण ते एका ओळीत संपतं. लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, एकाही दुकानाचा पत्ता नाही. माझ्याकडच्या दोन्ही पिशव्या मी स्वतःच्या पैशाने घेतल्यात आणि त्यातली एक गळते.

आता “ठाऊक नाही का?” याबद्दल. अहो, माहिती सांगायची असेल तर सांगावी की. “मिर्किन यांनी पुढे मत बदललं, त्याचाही उल्लेख हवा होता,” असं लिहिलं असतं तर मी आभार मानले असते. पण “ठाऊक नाही का?” हा प्रश्न गृहपाठ न केलेल्या पोराला उभं करून विचारतात. मी पन्नाशीला आलेली बाई आहे. मला अंगठे धरून उभं करायचं वय गेलं.

आणि ठाऊक आहे. राईस हे चार इंग्रजी आद्याक्षरांचं सूत्र: विश्रांती, बर्फ, दाब, आणि दुखरा भाग उंचावर. मिर्किन यांनी ते 1978 च्या पुस्तकात मांडलं आणि पुढे जगभरच्या मैदानांवर ते पाठ झालं. मग त्यांनीच लिहिलं की बर्फाने दुरुस्ती लांबू शकते. कारणही मला कळतं. मार लागला की तिथे सूज येते ती उगाच येत नाही. रक्तातून पांढऱ्या पेशी येतात, मोडतोड साफ करतात आणि नवी बांधणी सुरू करणारी द्रव्यं सोडतात. थंडीने रक्तवाहिन्या आक्रसल्या की या कामगारांचा रस्ता अडतो. एवढं सगळं खरं. पण तुम्ही अर्धंच वाचून थांबलात. त्याच लिखाणात ते म्हणतात की दुखणं कमी करायला सुरुवातीला दहाएक मिनिटं बर्फ लावायला हरकत नाही. मग वीस मिनिटं काढून ठेवा, हवं तर एक-दोनदा पुन्हा लावा. सहा तास उलटून गेल्यावर मात्र लावण्यात अर्थ नाही. याला तुम्ही “मागे घेतला” म्हणता? आमच्याकडे याला आवरतं घेणं म्हणतात.

आणि तसंही, सूत्रांचं काय घेऊन बसायचं! आधी राईस. मग 2012 मध्ये तशाच इंग्रजी आद्याक्षरांचं पोलीस. मग 2019 मध्ये पीस अँड लव्ह, त्यात तर बर्फाचा ‘ब’सुद्धा नाही. म्हणजे आधी भात, मग पोलीस, आता शांती आणि प्रेम. पुढच्या दहा वर्षांत काय येईल ते बघायला मी आणि माझा घोटा दोघेही उत्सुक आहोत.

असो. मला लागलं ते वाक्य दुसरंच. “खेळाडू असणं वेगळं आणि शरीर कळणं वेगळं.”

हे वाक्य मी तीनदा वाचलं. भाजी फोडणीला टाकून वाचलं, भाजी करपली.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा इचलकरंजीत आमच्या गल्लीमागच्या मैदानावर पहिल्यांदा पाय मुरगळला. खो मिळाला, चौकातून उठले, दिशा घेतली आणि डावा पाय आतल्या बाजूला वळला. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, पुढच्या बाजूने एक अस्थिबंध जातो. पाय असा मुरगळला की सगळ्यात आधी तो ताणला जातो. हे नाव-गाव मला तेव्हा माहीत नव्हतं. आवाज मात्र आला होता, ओली काडी मोडावी तसा. घरी आजीने निरगुडीचा पाला तव्यावर गरम केला आणि तासाभरात शेकायला घेतलं. वर आंबेहळदीचा लेप. दुसऱ्या दिवशी पाय दुधी भोपळ्याएवढा. ताज्या मारावर उष्णता दिली की रक्त धावून येतं आणि सूज वाढते, हे मी कोणाच्या लेखात वाचून शिकलेले नाही. ‘बटवा’ म्हणून हिणवलंत म्हणून सांगते, माझ्या लेखात मी आजीच्या उलटं सांगितलंय. तिला वाईट वाटलं असतं. ती आता नाही, म्हणून लिहू शकले.

दुसऱ्यांदा 1996. बाहेरगावची स्पर्धा, उपांत्य सामना, आणि पुन्हा तोच घोटा. त्या काळी मैदानावर कसलं जेल अन् कसलं काय. सरांनी समोरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाच्या लादीचा तुकडा आणला. भुश्यातून काढलेला, गोणपाटात गुंडाळलेला. तो तसाच उघड्या पायावर धरला. आधी झोंबलं, मग जळजळलं, मग दुखलं, मग काहीच कळेना. पाय माझा नव्हताच जणू. चिकटपट्टी ताणून बांधली आणि संध्याकाळी अंतिम सामन्यात मी साडेतीन मिनिटं पळाले. एक सूर चुकवला तो याच डाव्या पायावर गर्रकन फिरून. ढाल आमच्याकडे आली. तुम्ही म्हणता, शरीर कळत नाही. माझ्या शरीराने त्या दिवशी जे सांगितलं ते तुमच्या पाठ्यपुस्तकात कोणत्या पानावर आहे?

हो, त्यानंतर तो घोटा पूर्ण असा कधी बरा झाला नाही. जिना उतरताना आजही अधूनमधून दगा देतो. पण ते बर्फाने झालं की त्याच संध्याकाळी खेळल्याने, हे तुम्ही सांगू शकत नाही आणि मीही नाही. बधिर पायाने खेळू नये, हे मी मुलींना रोज सांगते. तेव्हा मला कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर आजवर मी संध्याकाळी मुलींना शिकवते आहे. किती मुरगळलेले पाय, किती ओढलेल्या मांड्या, खुंटावर सूर मारताना आपटलेले किती खांदे पाहिले त्याची वही ठेवली नाही, ही माझी चूक. पण हात लावल्यावर कळतं. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबलं आणि पोरगी किंचाळली, किंवा तिला चार पावलंही टाकता येईनात, तर मी पिशवी-बिशवी काही काढत नाही. रिक्षा बोलावते आणि एक्स-रे काढायला पाठवते. हे लेखात लिहिलं होतं. शेवटून दुसरा परिच्छेद. तिथपर्यंत पोचण्याआधीच तुम्हाला वाईट वाटलं असावं.

आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या हाडाच्या टोकावरून एक नस अगदी कातडीखालून जाते. तिथे बर्फ करकचून बांधून अर्धा तास ठेवला तर पाऊल उचलायची ताकद जाऊ शकते. कोपरातल्या नसेचंही तसंच. हे खेळाडूला कळतं, मॅडमला कळतं, आणि गंमत म्हणजे तुमच्या प्रतिक्रियेत हे नव्हतं.

“मुलींचा खेळ संपतो” हेही तुम्ही किती सहज लिहिलंत! आमच्याकडे मुलींचा खेळ कशाने संपतो ते मी सांगू? बारावीने संपतो. संध्याकाळी सातनंतर बाहेर नको म्हणून संपतो. स्थळ आलं म्हणून संपतो. एकदा पाय सुजलेला दिसला की आई म्हणते, “बघ, सांगत होते ना!” आणि दुसऱ्या दिवशीपासून पोरगी येत नाही. मैदानावर सातच्या अंधारात एक मुलगी पाय धरून रडत असते, आजूबाजूला दहाजणी घाबरून उभ्या असतात, फिजिओ नावाचा माणूस सगळ्यात जवळ कुठे असेल तर कोल्हापुरात. अशा वेळी ती निळी पिशवी घोट्यावर ठेवली की दहा मिनिटांत तिचं रडणं थांबतं. थंडीने नसांचा निरोप मंदावतो, दुखणं उतरतं. आणि पिशवी पायावर आहे तोवर ती बसून राहते. उठून “काही नाही झालं” म्हणत परत पळायला जात नाही. पेशींची दुरुस्ती थोडी लांबतही असेल. पण त्या दहा मिनिटांत मी तिच्या आईला फोन करून सगळं नीट सांगून टाकते. यासाठी तुमच्याकडे सूत्र असेल तर कळवा.

आता न्यायाने वागायचं म्हणून एक गोष्ट मान्य करते. रुमालाबद्दल तुमचं बरोबर आहे. बर्फ वितळायला लागला की वितळेपर्यंत शून्य अंशावरच राहतो. एक ग्रॅम वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, पण शून्याखाली जात नाही. घरातला फ्रीझर उणे 18 च्या आसपास असतो. जेलमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा तत्सम काही घातलेलं असतं, म्हणून पिशवी दगडासारखी न होता मऊ राहते आणि घोट्याभोवती छान बसते. पण मऊ आहे म्हणजे कमी थंड आहे, असं नाही. पहिली काही मिनिटं ती वितळत्या बर्फापेक्षा गारच असते. बायकांचे रुमाल तर तुम्हाला माहीतच आहेत, त्यातून दिवा दिसतो. गेल्या वर्षी आमच्या एका मुलीच्या मांडीवर पिशवीच्या आकाराचा चौकोनी लाल डाग उठला होता. आठवड्याभरात गेला, त्याचं मी फार काही केलं नाही. लेखात “रुमाल” काढून “टॉवेलची दुहेरी घडी, दहा ते पंधरा मिनिटं, मधे उचलून कातडी बघा” असं केलं आहे. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी हे उपद्व्याप डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, हेही जोडलं आहे. ते तुम्ही सुचवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं.

“दोन दिवस थंड, मग गरम” ढोबळ आहे म्हणता. आहेच. सूज उतरली, हात लावल्यावर ऊबारा लागत नाही, नुसता आखडलेपणा उरला की शेकायला घ्यायचं. कोणाला ते दोन दिवसांत होतं, कोणाला पाच. पण पालकांना दिवसच सांगावे लागतात. नाहीतर त्या रात्रीच गरम पाण्याची पिशवी निघते. यावर अधिक वाद घालत नाही.

जाता जाता, इनबॉक्समध्ये दोघींनी विचारलं म्हणून: ज्या गरम पिशवीत एक धातूची चकती असते आणि ती टिक् करून दाबली की आतलं पाणी डोळ्यांदेखत गोठून गरम होतं, ती वेगळी. त्यात सोडियम ॲसिटेट असतं, पन्नास-चोपन्न अंशांपर्यंत तापते. ती पुन्हा वापरायची तर उकळत्या पाण्यात ठेवून आतलं सगळं पातळ करायचं. चकती धातूची असल्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही. आणि मेडिकलमध्ये मिळणारी, आपटून फोडायची थंड पिशवी एकदाच चालते, ती धुऊन ठेवू नका. माझ्या जाऊबाईंनी ठेवली होती.

तर स्पष्टवक्ते, तुम्ही खरंच फिजिओथेरपिस्ट असाल (भाषेवरून वाटता, गुर्मीवरून तर नक्कीच), तर पुढच्या वेळी नावानिशी लिहा. मी माझ्या नावाने लिहिते, शिव्याही माझ्या नावावर खाते. आमचा सराव रोज साडेसहाला सुरू होतो, रविवारी सुट्टी. एखाद्या संध्याकाळी या, मुलींना पाय तपासून दाखवा, माझाही घोटा बघा. येताना टॉवेल आणा. दुहेरी घडीचा.