'उबदार' रंगाने घर तापत नाही हो!

जुळे सोलापुरात आईचं घर रंगवायला काढलंय. पुट्टी झाली, प्रायमर झाला, हॉलसाठी दोन छटा उरल्या: एक सायीसारखी क्रीम, दुसरी किंचित गुलाबी झाक असलेली बदामी. नेमका तेव्हाच भिशीच्या ग्रुपवर तो मेसेज आला. तुम्हालाही आला असेल. म्हणे, उबदार छटांनी घर तापतं; क्रीम काय नि बदामी काय, सगळं एकच, स्वस्त डबा उचला; आणि रंग मोबाईलवरच पसंत करा.

आईने दोन्ही छटा बाद केल्या. "अगं, मे महिन्यात पारा ४३ वर जातो, त्यात आणि उबदार लावून घेऊ?"

आता काय बोलायचं! विस्तवाची, उन्हाची आठवण होते म्हणून पिवळ्या-तांबड्या झाकेला उबदार म्हणतात, बस. नाहीतर निळी भिंत रंगवून माठ विकून टाकला असता आपण. आपली घरं तापतात ती डोक्यावरच्या स्लॅबने आणि पश्चिमेच्या भिंतीने, कारण स्लॅब दिवसभर आणि ती भिंत दुपारनंतर बाहेरून ऊन खाते. आतल्या भिंतीवर उन्हाची तिरीप पडते ती किती? त्यात या दोन्ही छटा फिक्याच, प्रकाश जवळपास सारखाच परतवणाऱ्या. गच्चीला पांढरा रंग मारला तर खालची खोली जरा निवते, हे मान्य. पण ती गच्ची झाली. मेसेज हॉलबद्दल बोलतोय.

'सगळं एकच' हे तर चादरीच्या गावात कुणी म्हणूच नये. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. रंगखात्याचा प्रमुख शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ. त्याने तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारचे धागे काळ्याला फिकं दाखवत होते. १८३९ साली त्याने हा नियम सविस्तर छापला. आईकडे शेजारी आहे शहाबादी फरशी, निळसर करडी. तिच्यालगत क्रीम एकदम पिवळी उठते, बदामी तेवढी नाही. शेडकार्डावरच्या दोन बोटं चौकोनात हे दिसणार कसं? त्यात रात्री ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली भिंत एक दिसते, ३००० च्या पिवळ्या दिव्याखाली दुसरी.

मोबाईलचं तर सोडाच. माझ्या नि आईच्या फोनवर एकच फोटो दोन रंगांचा दिसतो.

मी दोन फूट बाय दोन फुटांचे दोन पुठ्ठे आणले, पेंटरकडून प्रत्येकावर दोन हात मारून घेतले. सुकल्यावर फरशीला टेकवून ठेवलेत, कारण ओल्या रंगावर भरवसा नाही. सकाळी, दुपारी चारला आणि ट्यूब लावल्यावर, असं तीनदा बघायचं ठरलंय. काल रात्री आई म्हणाली, "क्रीम हळदीसारखी दिसतीय की गं." पेंटरला गुरुवारपर्यंत थांबवलंय.