फ्लॅशकार्ड की भेंडी?

काल कट्ट्यावर विषय काढला बँकवाल्याने, अडीच वर्षांच्या पोरीसाठी त्याने फ्लॅशकार्डांचा मोठा सेट मागवलाय आणि वर मोबाईलवर एक ॲप, म्हणे शब्द वाढतात. हत्ती, विमान, सफरचंद सगळं ओळखते म्हणाला.

मास्तर म्हणाले, अरे पण ही सगळी नुसती नावं झाली, तिला भाजी निवडायला शेजारी बसव की. भेंडीचं टोक कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून, मेथी खुडायची, लसूण सोलायचा, कणीक सैल झाली, घट्ट झाली, हे सगळं हाताने करता करता कानावर पडतं ते कार्डावर कुठून येणार?

डॉक्टर मधेच, १९९५ मध्ये अमेरिकेत हार्ट आणि रिस्ली या संशोधकांनी ३ कोटी शब्दांच्या फरकाचं मांडलं होतं ना, काही घरांतल्या पोरांच्या कानावर इतके शब्द कमी पडतात म्हणून? बँकवाला लगेच, बघा, म्हणजे व्हिडिओ लावून ठेवला तरी चालेल!

इथे मला राहवलं नाही. एकतर तो अभ्यास ४२ कुटुंबांचा आणि त्या आकड्यावर पुढे बरीच टीका झालीय, दुसरं म्हणजे २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवलं तर समोर माणूस बसून खेळला तिथे बाळांनी ते आवाज पकडले, तेच व्हिडिओवर दाखवलं तर काहीच नाही. आणि २०१८ च्या एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या अभ्यासात किती शब्द ऐकले यापेक्षा मूल आणि मोठ्यांमध्ये किती वेळा बोलणं इकडून तिकडे गेलं त्याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध दिसला. म्हणजे पोराला बोलायची पाळी मिळाली पाहिजे, आणि आपण काय करतो, "हे काय आहे?" विचारतो आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे. जरा थांबा ना राव!

"मी आठला घरी येतो, कधी बोलू?" हे बँकवाल्याचं खरं दुखणं. मग जेवताना बोल, आंघोळ घालताना बोल, पाणी कोमट आहे की कढत ते तिलाच विचार, वेगळा वेळ कशाला हवाय.

ती "कुत्ला" म्हणाली तर "हो, केवढा काळा कुत्रा, कुठे चालला असेल गं?" एवढंच म्हणायचं असं माझं मत. अण्णांना हे अजिबात पटत नाही, त्यांच्या मते उच्चार तिथल्या तिथे दुरुस्त करून परत म्हणून घ्यायचा. त्यावर आज परत बसणार आहोत.