पूल, पातेली आणि अपूर्णविराम

मी सर्व्हर सांभाळतो एवढे अमळनेरकडच्या मामांना ठाऊक आहे, परंतु गेल्या मे महिन्यात घरच्या साखरपुड्याला मी का आलो नाही असे त्यांनी फोनवर विचारले, तेव्हा ‘पुलाचे काम अडले होते’ असे जे खरे होते ते सांगून मी फसलो. ‘तापीवरचा का गिरणेवरचा?’ मामांनी आस्थेने विचारले. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचे हिशेब ज्यावर चालतात, तो कनेक्शन पूल (इंग्रजीतला ‘पूल’, म्हणजे सामायिक साठा) कोणत्याही नदीवर नाही, हे त्यांना पटवून देण्यात माझा अर्धा तास गेला आणि शेवटी मला त्यांच्याच गावच्या मारुतीच्या मंदिरातील भांड्यांचा आधार घ्यावा लागला.

मंदिरात पातेली, पराती आणि घंगाळी ठेवलेली असतात. लग्न असो वा भरीत-पार्टी, ज्याला हवे त्याने न्यावे आणि काम झाल्यावर घासून आणून द्यावे. प्रत्येक लग्नासाठी तांबटाकडून नवे पातेले घडवून घ्यायचे आणि पंगत उठली की मोडीत काढायचे, असे कोणी करीत नाही. डेटाबेसशी नवे कनेक्शन उघडणे हा असाच खर्चिक उद्योग असतो. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस तर प्रत्येक कनेक्शनामागे एक स्वतंत्र प्रक्रिया उभी करतो, म्हणून अ‍ॅप्लिकेशन चालवणारा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर काही कनेक्शने उघडून तयार ठेवतो आणि मागेल त्याला उसनी देतो. आमचा सर्व्हर ग्लासफिश, म्हणजे 2005 साली सन कंपनीच्या घरी जन्मलेला, 2010 मध्ये ओरॅकलच्या घरी दिलेला आणि आता एक्लिप्स फाउंडेशनमध्ये नांदणारा. त्याच्या मंदिरात मुळात 8 भांडी असतात, गरज पडेल तशी 2-2 करून ती 32 पर्यंत वाढतात आणि सगळी बाहेर गेलेली असतील, तर मागणाऱ्याला 60 सेकंद दारात उभे केले जाते. त्यानंतर नकार.

हे सगळे 4848 क्रमांकाच्या पोर्टवरील, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावरील पानावर माऊसने करता येते. परंतु आमच्या ग्राहकाने सुरक्षेच्या कारणास्तव ते पोर्ट बंद ठेवले असल्यामुळे, जळगावात 45 अंशांच्या उन्हात, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घेत, काळ्या पडद्यावर एएस-अ‍ॅडमिनच्या, म्हणजे ग्लासफिशच्या कारभारी साधनाच्या आज्ञा टंकित करणे माझ्या वाट्याला आले.

पूल तयार करण्याची आज्ञा लांबलचक असली तरी तिचा स्वभाव सरळ आहे. खोट आहे ती अपूर्णविरामात (:). शाळेत या चिन्हाला कधी अर्धा गुणसुद्धा नव्हता, त्यामुळे त्याचा सूड असा उगवेल अशी कल्पना नव्हती. या आज्ञेत एक गुणधर्म संपून दुसरा सुरू झाला हे अपूर्णविरामावरून ओळखतात, आणि डेटाबेसच्या पत्त्यात तर स्वतःचेच 3 अपूर्णविराम असतात. त्यामुळे सर्व्हर पत्त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा म्हणजे निराळा गुणधर्म समजतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक अपूर्णविरामाआधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची. पण ती सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच मधला शेल, म्हणजे टंकित आज्ञा वाचून पुढे धाडणारा प्रोग्रॅम, खाऊन टाकतो, म्हणून एक त्याच्या नैवेद्याची धरून 2 रेघा द्यायच्या. 3 अपूर्णविराम, 6 रेघा. अवतरणचिन्हांत घातले तर 3 रेघांतच भागते. मी आधी 4 दिल्या, मग 5, मग रागाच्या भरात किती दिल्या ते आठवत नाही. पत्ता एकसंध देण्याऐवजी यंत्राचे नाव, पोर्ट आणि डेटाबेसचे नाव असे वेगवेगळे गुणधर्म देता येतात आणि मग अपूर्णविरामांशी भांडावेच लागत नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. त्या दिवशी मी कोणाशी बोललो नाही.

पूल झाला. पिंग केले, म्हणजे पुलाला हाक मारून पाहिली, यश आले. पिंग यशस्वी होणे म्हणजे मंदिरात भांडी आहेत एवढेच. अ‍ॅप्लिकेशनला मंदिराचा पत्ता कळावा म्हणून जेडीबीसी रिसोर्स, म्हणजे पुलाला दिलेले हाक मारायचे नाव, निराळा करावा लागतो, तो मी विसरलो होतो, तोही केला.

सोमवारी सकाळी रावेरहून फोन आला की केळीच्या गाड्या भरून उभ्या आहेत आणि बिल निघत नाही. नोंदवहीत वाक्य होते की वापरातील कनेक्शने कमाल मर्यादेइतकी झाली असून थांबण्याचा वेळही संपला आहे. माणूस असतो तर भांडी कोणी नेली असे मी विचारले असते. अभियंता असल्यामुळे मी भांडी वाढवली. 32 ची 64 केली, दुपारपर्यंत तीही संपली. 128 केली आणि आता खुद्द पोस्टग्रेसने हात जोडले, कारण त्याच्याकडे मुळात 100 कनेक्शनांचीच सोय असते. त्यांतील 3 महावापरकर्त्यासाठी राखीव असतात, म्हणजे आग लागली तर विझवणाऱ्याला आत शिरता यावे. परंतु आळसापोटी मी अ‍ॅप्लिकेशनलाच महावापरकर्त्याचे खाते देऊन ठेवले होते, त्यामुळे राखीव जागाही त्यानेच बळकावल्या आणि मी दाराबाहेर. ‘क्षमस्व, ग्राहक आधीच फार झाले आहेत’ अशा अर्थाचा संदेश पोस्टग्रेस देतो. दिवसभरात माझ्याशी नम्रपणे बोललेला तो एकटाच.

मग मी फ्लशची आज्ञा दिली. तिने पूल पुन्हा कोरा होतो, मात्र चालू असलेली कामे अर्ध्यावर तुटतात. जेवणाऱ्यांच्या पुढ्यातील पात्रे उचलून नेल्यावर पंगतीचा जो आवाज होईल, तो मी फोनवर ऐकला.

त्याच संध्याकाळी वीज गेली. इन्व्हर्टरने डेटाबेसच्या यंत्राला दगा दिला, अ‍ॅप्लिकेशनचे यंत्र मात्र तगले. परिणामी वीज आल्यावरही पूल मेलेली कनेक्शनेच मोठ्या विश्वासाने वाटत राहिला. मडके वाजवून घ्यावे असे आपल्याकडे म्हणतात. ग्लासफिशला तसे सांगितल्याशिवाय तो वाजवत नाही. कनेक्शन देण्याआधी तपासण्याचा पर्याय मुळात बंद असतो, तो मी चालू केला.

तरी भांडी जातात कुठे हा प्रश्न उरलाच होता. मामांना विचारले. ‘वही नाही का ठेवत तू?’ ते म्हणाले. कोणाकडे काय गेले, किती दिवस झाले, हे मामा वहीत लिहितात आणि मुदत उलटली की सायकल काढून थेट त्याच्या ओट्यावर जाऊन बसतात. ग्लासफिशकडेही अशी वही आहे: गळतीची मुदत सेकंदांत ठरवून दिली की तेवढ्या वेळात कनेक्शन परत न करणाऱ्याचा संपूर्ण माग तो नोंदवहीत लिहून ठेवतो. मी 60 सेकंदांची मुदत घालून ओट्यावर बसलो. दहा मिनिटांत 7 नोंदी झाल्या आणि सातही वेळा एकच नाव होते: मासिक अहवाल छापणारी अ‍ॅप्लिकेशनमधील कार्यपद्धती, फाइलच्या माथ्यावर लेखक म्हणून माझे नाव. अहवालात एखादी तारीख रिकामी आढळली की ती मधूनच बाहेर पडत असे आणि कनेक्शन परत करण्याची ओळ तशीच मागे राहत असे. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 2011 पासून काम संपताच कनेक्शन आपोआप बंद करणारी रचना उपलब्ध आहे. मी ती फाइल 2016 साली लिहिली होती.

ओळी दुरुस्त केल्या, खाते बदलले आणि मर्यादा पुन्हा 32 वर आणली. ऐन गर्दीतही आता एकावेळी 9 पेक्षा जास्त कनेक्शने बाहेर जात नाहीत, हे मी मोठ्या अभिमानाने ग्राहकाला कळवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘भाऊ, 128 चे 32 केले म्हणता, मग वर्षाचे भाडे पण पाव करणार ना?’