चार अ‍ॅप्समधील ये-जा आणि वारंवार मागितला जाणारा पासवर्ड : आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय शेठजी, सप्रेम नमस्कार.

आपण दोन तारे देऊन लिहिले आहे की, नांदेडच्या मोंढ्यातील आपल्या आडत दुकानात आम्ही बसवून दिलेली आवक, काटा, पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) आणि खाते ही चार अ‍ॅप्स एकेकटी नीट चालतात. परंतु एकातून दुसऱ्यात जाताना मुनीमजींना दर वेळी मुख्य पानावर परतावे लागते, पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो आणि शेतकऱ्याचे नाव नव्याने शोधावे लागते. ही तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे.

पासवर्डचे कारण असे की, चारही अ‍ॅप्स आम्ही चार वेगवेगळ्या वेब-पत्त्यांवर चालवली होती. एका पत्त्यावर लॉगिन झाल्याची खूण ब्राउझर दुसऱ्या पत्त्याला देत नाही, म्हणून प्रत्येक अ‍ॅप मुनीमजींना नवखा समजून दारातच अडवत होते. आता लॉगिनचे एकच ठिकाण केले असून, सकाळी तेथे एकदा ओळख पटली की उरलेली अ‍ॅप्स त्याच ओळखीवर उघडतील. पंधरा मिनिटे हात न लावल्यास बाहेर काढण्याची मुदतही आम्ही वाढवली आहे, कारण हर्राशी (मालाचा लिलाव) चालू असताना माणूस संगणकापाशी बसून राहत नाही, हे आम्हाला आधीच सुचायला हवे होते.

याहून मोठी चूक मांडणीची होती. गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्या पानांवर असते तसे नऊ ठिपक्यांचे चिन्ह आम्ही कोपऱ्यात ठेवले आणि अ‍ॅप्सची यादी त्याच्याआड लपवली. त्या ठिपक्यांवर बोट ठेवायचे असते, हे मुनीमजींना कोणी सांगितले नव्हते. शिवाय तेथे ‘इन्व्हेंटरी’, ‘लेजर’ अशी आमच्या कामातली नावे होती. आता प्रत्येक पानाच्या वरच्या कडेला, त्याच जागी आणि त्याच क्रमाने, ‘आवक’, ‘काटा’, ‘पट्टी’, ‘खाते’ असे चार शब्द कायम दिसतील आणि आपण ज्यात आहोत तो शब्द ठळक असेल. काट्यावरच्या मुलाला पहिले दोनच दिसतील. खात्याशी त्याला कर्तव्य नाही.

शेतकऱ्याचे नाव पुन्हा शोधावे लागू नये, यासाठी आवकेची नोंद होताच मिळणारा क्रमांक आता पुढच्या अ‍ॅपमध्ये आपोआप जाईल. काट्यावर वजन चढवून मुनीमजींनी ‘पट्टी’ दाबले की त्याच शेतकऱ्याची, तेवढ्याच कट्ट्यांची, हमाली-तोलाई वजा झालेली पट्टी समोर येईल, आणि मागे फिरल्यास तीच वजनाची नोंद दिसेल. अर्धवट राहिलेली नोंदही अ‍ॅप बदलल्याने पुसली जाणार नाही. आमच्या मते ये-जा सोपी होण्याचा खरा अर्थ हाच आहे, कारण बटण कितीही जवळ असले तरी हातातले काम मागेच राहत असेल, तर त्या बटणाचा उपयोग काय?

एका मुद्द्यावर मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. ई-वे बिलासाठी (मालवाहतुकीच्या ऑनलाइन दाखल्यासाठी) वेगळा पासवर्ड का, असे आपण विचारले आहे. ते सरकारी पोर्टल आहे आणि त्याचे लॉगिन आमच्या हाती नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या सोयाबीनच्या ट्रकसाठी, म्हणजे ५०,००० रुपयांहून अधिक मूल्याच्या मालासाठी, ते बिल काढावेच लागते. आम्ही तेथे नेणारा दुवा पट्टीच्या पानावर दिला आहे, पण ओळख आपल्या माणसालाच पटवावी लागेल. त्या पोर्टलचा पासवर्ड आमच्याकडे साठवून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

या दुरुस्तीचे कोणतेही शुल्क आकारले जाणार नाही. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढते, त्याआधी आमचा माणूस सलग तीन दिवस आपल्या दुकानात, मुनीमजींच्या शेजारी बसेल आणि ते कोठे अडखळतात ते लिहून घेईल. कोणते तीन दिवस सोयीचे आहेत, एवढे मुनीमजींना विचारून कृपया कळवावे.