‘घराचं नाव पुढे करू नका’ म्हणणाऱ्या वाचकांना

‘सोलापूरकर’ या नावाआडून लिहिणारे महोदय,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की निवृत्त होताना पुरुष पेन्शन आणि स्वतःची तब्येत बघतो, बाई घरात आजारी कोण आहे ते बघते. त्यावर तुम्ही म्हणता: ‘चार ओळखीच्या बायकांवरून नियम बसवलात. हिशेब बायकाही करतात. विडी वळणाऱ्यांचा उल्लेखही नाही. आणि बाई, नोकरी सोडायचा निर्णय तुमचा होता, घराचं नाव पुढे करू नका.’

आधी ते ‘बाई’. शाळेत पोरं २४ वर्षं मला बाईच म्हणत होती, पण त्यात आदर असायचा. तुमच्या ‘बाई’त मला तो सापडला नाही.

विडीचं मान्य, राहून गेलं. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर जगणारीला ५८ व्या वर्षीचा निरोप समारंभ कुठला? डोळे साथ देतात तोवर मांडीवर सूप, आणि प्रॉव्हिडंट फंडाची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये. चार ओळखीच्या बायका म्हणाल, तर मंगळवेढ्यापासून अक्कलकोटपर्यंत बदल्या झाल्यात माझ्या. असो.

आता ‘निर्णय तुमचा होता’ हे वाक्य. हो, अर्जावर सही माझी. स्वेच्छानिवृत्तीला लागणारी २० वर्षं भरलेली, तीन महिन्यांची नोटीस मीच दिली. सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा घरात बैठक बसली. दीर, नणंद, मिस्टर. चहा मी केला. ट्रे घेऊन बाहेर येईस्तोवर ‘हिनं नोकरी सोडावी’ ठरलंही होतं. मिस्टरांचीही सरकारी नोकरी, त्यांचीही २६ वर्षं झालेली. त्यांनी अर्ज द्यावा हे कुणाच्या तोंडी आलं नाही. माझ्याही नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. पोरांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा २०१८ साली आली. सासूसाठी तसली रजा आजही नाही.

आणि हिशेब मला शिकवू नका. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला होता. दिवसभराची आया, मालिशवाली, औषधं, आणि त्यासमोर माझा पगार. मिस्टरांचा पगार त्या कागदावर नव्हताच.

ते पुढे ५८ ला रीतसर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, सोलापुरी चादर, भाषणं. मी शेवटच्या दिवशी हातातला पेढा तसाच घेऊन सव्वापाचची एसटी धरली, औषधाची वेळ चुकत होती म्हणून.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, राहू दे तिथेच. तुमच्या घरी अशी वेळ आली तेव्हा अर्ज कुणी दिला, तेवढं कळवा. नाव न लिहिता कळवलंत तरी चालेल.